देवीचा वर आणि मागणाऱ्याचा स्वर : एकनाथांच्या दोन रचनांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी लोकमानसात देवी ही प्रामुख्याने नवसाला पावणारी आई आहे. तुळजापूरच्या भवानीच्या नावाची प्रचलित उपपत्तीच हे सांगते. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या हाकेला देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता, तुरजा आणि पुढे तुळजा. या मातेकडे काय मागावे व कोणत्या अधिकाराने मागावे, हा प्रश्न मात्र मराठी संतकवींनी नव्याने विचारला. प्रस्तुत लेखात संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) जोगवा आणि रोडग्याचे भारूड या दोन रचनांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा : देवीमाहात्म्यातील दोन वर

मार्कंडेय पुराणात अंतर्भूत असलेल्या देवीमाहात्म्याच्या, म्हणजेच सप्तशतीच्या, तेराव्या व अखेरच्या अध्यायात वरदानाचा प्रसंग येतो. राज्य गमावलेला राजा सुरथ आणि धनलोभाने स्त्रीपुत्रांनीच घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य हे दोघे नदीतीरावर देवीची मृण्मयी मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात. देवी प्रसन्न झाल्यावर सुरथ राज्य मागतो; समाधी मात्र ‘मी’ आणि ‘माझे’ यांची आसक्ती नाहीशी करणारे ज्ञान मागतो. देवी दोघांनाही इच्छित ते देते. ऐहिक मागणीला ती हीन ठरवीत नाही, की पारमार्थिक मागणीची विशेष प्रशंसा करीत नाही. भुक्ती आणि मुक्ती या दोहोंची दात्री एकच आहे, हा या प्रसंगाचा आशय होय. वराचे स्वरूप ठरते ते मागणाऱ्याच्या वृत्तीवरून.

जोगवा : मागणीचे रूपांतर

परडी घेऊन दारोदार जोगवा मागणे हा देवीच्या उपासनेतील रूढ आचार आहे. एकनाथांनी आपल्या जोगव्यात हा सर्व आचार रूपकात बांधला. परडी बोधाची होते, नवरात्र नवविधा भक्तीचे होते. देवीकडे नेहमी मागितला जाणारा एक वर पुत्राचा. एकनाथांची भक्त स्त्रीही पुत्रच मागते, पण तो ज्ञानरूपी पुत्र असतो. नवरा म्हणजे विकल्प, सासरा म्हणजे दंभ, हे नातेसंबंधांचे समीकरण कवी स्वतःच उलगडून सांगतो. नवसाची भाषा तो नाकारत नाही. ती भाषा तशीच ठेवून तिच्यातील मागणी तेवढी पालटतो. समाधी वैश्याची मागणी येथे बाईच्या बोलीत अवतरली आहे, असे म्हणता येईल.

रोडग्याचे भारूड : एक पुनर्विचार

दुसरी रचना अधिक अवघड आहे. एक सासुरवाशीण भवानीला रोडगा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कणकेची जाड भाकर, वाहण्याचा नवस बोलते. मोबदल्यात ती सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे मूल आणि शेवटी दादला या सर्वांपासून सुटका मागते व आपल्याला एकटीच राहू दे असे विनविते. क्षुद्र नैवेद्य आणि भीषण मागणी यांच्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो, आणि नवसातील देवघेवीचा व्यवहार उघडा पडतो.

या भारुडाचा पारंपरिक अर्थ आध्यात्मिक लावला जातो. सासरची माणसे म्हणजे विकार आणि एकटे राहणे म्हणजे कैवल्य. हा अर्थ अग्राह्य नाही. भारुडाच्या प्रकृतीशी तो सुसंगतच आहे. तथापि तो एकमेव मानल्यास एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. जोगव्यात कवीने विकल्प, दंभ ही नावे स्पष्टपणे दिली आहेत; भारुडात ती दिलेली नाहीत. येथे सासू ही जाच करणारी सासूच आहे आणि जाऊ ही टाकून बोलणारी जाऊच आहे. रूपकाची किल्ली कवीने ऐकणाऱ्याच्या हाती सोपविली, पण त्या बाईचे गाऱ्हाणे मात्र तिच्याच शब्दांत राहू दिले. ते गाऱ्हाणे केवळ टरफल म्हणून टाकून दिले, तर भारुडातील हसू आणि दुःख दोन्ही नाहीशी होतात.

देवीमाहात्म्यातील समाधीही घरच्यांनीच दुखावलेला आहे. त्याच्या दुःखाला ऋषी कान देतात, त्याचे कारण उलगडतात, आणि त्यानंतरच ज्ञानाचा वर येतो. सासुरवाशिणीच्या दुःखाला असा श्रोता घरात नाही. म्हणून ती थेट देवीशी बोलते. ‘आई’ या संबोधनाचा खरा अर्थ येथे कळतो. जे माणसांपुढे उच्चारता येत नाही, ते अनुचित मागणेसुद्धा आईपुढे उच्चारता येते. भारुडात देवी उत्तर देत नाही. वर मिळाला की नाही, हे कवी सांगत नाही. मागण्याचा अधिकार तेवढा तो अबाधित ठेवतो.

निष्कर्ष

समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) तुळजाभवानीच्या स्तोत्रात स्वतःसाठी काही न मागता राजाचा उत्कर्ष मागितला. मागणी तेथे समाजाची झाली. राज्य, ज्ञान, लोकहित आणि सासुरवाशिणीची सुटका या चारही मागण्या एकाच मातेपुढे मांडल्या गेल्या आहेत. पहिल्या तीन मागण्यांना आपल्या समीक्षेने सहज प्रतिष्ठा दिली; चौथीला मात्र रूपकाचा पदर ओढून मगच सभेत आणले. देवीने सुरथाची मागणी हीन मानली नाही. भारुडातील बाईचे मागणे आहे तसे ऐकून घेणे, हे त्याच परंपरेला धरून होईल.