बाळूंच्या 179 विकेट आणि आपला सिनॉप्सिस

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एक क्रिकेटच्या इतिहासाचं पुस्तक: रामचंद्र गुहा यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' (2002). तुमचा विषय रसायनशास्त्र असो की वनस्पतिशास्त्र, त्यातला बाळू पालवणकरांचा भाग वाचाच.

आधी आकडे. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. 1905-06 ते 1920-21 या काळात प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 विकेट, सरासरी 15.21. त्यातल्या 75 विकेट 1911 च्या एकट्या इंग्लंड दौऱ्यातल्या, म्हणजे 40 टक्क्यांहून जास्त. एक्सेलमध्ये हे पाहून आपण म्हणू, 'त्या वर्षी फॉर्मात होते.'

गुहा तिथे थांबत नाहीत. या टेबलाच्या आधी बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदान राखायचे आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. त्याची नोंद कुठल्या स्कोअरबुकात असणार? ते चांभार समाजातले. हिंदू संघाला त्यांची बॉलिंग चालायची. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे मला इथे पटलं.

पण एक घाई टाळा. 'जातीमुळे कारकीर्द उशिरा सुरू झाली' असं सरळ लिहू नका. हिंदू संघच मुंबईत युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा खेळला 1906 मध्ये. एका परिणामाची दोन कारणं शक्य असतील तर ती वेगळी करावी लागतात. भेदभावाचा पक्का पुरावा कर्णधारपदात आहे. 1920 मध्ये डावललं गेलं म्हणून विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. शेवटी 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंना ते पद कधीच रीतसर मिळालं नाही.

माझी तक्रार एवढीच की गुहांचं कथन फार ओघवतं आहे. कॅप्टन ग्रेग आपल्याला आउट केल्यावर दर वेळी बाळूंना आठ आणे द्यायचे, ही आख्यायिका आणि स्कोअरकार्ड वाचताना एकाच वजनाचे वाटू लागतात. पेन्सिल घेऊन वाचा: कुठलं वाक्य नोंदीवर उभं आहे, कुठलं आठवणीवर?

आणि गुहांचा एक मोठा आधार मराठीतला आहे: विठ्ठल यांचं आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन' (1948). भावाने लिहिलंय, म्हणून जवळचं. आणि भावाने लिहिलंय, म्हणून तपासून घ्यायचं. पण 'मराठी आहे' म्हणून बाजूला ठेवायचं नाही.

आपल्या कुरखेड्याकडे धान कापणी झाली की कबड्डीचे सामने रंगतात. कोण कसं खेळलं, हे कुठल्या रजिस्टरात सापडेल? सिनॉप्सिसमध्ये 'डेटा उपलब्ध नाही' लिहिण्याआधी एवढं विचारा: नोंद नाही, की कोणी घेतलीच नाही?