वाचन, दुरुस्ती आणि संकोच : काटो लोम्ब यांच्या परभाषा-अध्ययनविषयक पुस्तकाची चिकित्सा

प्रस्तावना

परकी भाषा कशी शिकावी, या विषयावरील पुस्तके बहुधा दोन प्रकारची आढळतात. भाषावैज्ञानिकांनी लिहिलेल्या ग्रंथांत शिकणारा हा निरीक्षणाचा विषय असतो, तो स्वतः क्वचितच बोलतो. दुसऱ्या प्रकारची पुस्तके एस. टी. स्थानकावरील दुकानात मिळतात आणि तीस दिवसांत अस्खलित संभाषणाची हमी देतात. हंगेरियन दुभाषी काटो लोम्ब (१९०९–२००३) यांचे पुस्तक या दोन्ही प्रकारांत बसत नाही. 'मी भाषा अशा शिकते' अशा अर्थाच्या शीर्षकाने ते १९७० साली हंगेरियनमध्ये प्रसिद्ध झाले आणि २००८ साली 'पॉलिग्लॉट : हाऊ आय लर्न लँग्वेजेस' या नावाने इंग्रजीत आले. प्रस्तुत विवेचन या इंग्रजी अनुवादावर आधारलेले आहे. बहुभाषिक लेखिकेच्या पुस्तकाची चिकित्सा मधल्या भाषेच्या आधाराने करावी लागावी, ही प्रस्तुत लेखकाची मर्यादा आरंभीच नोंदवणे उचित ठरेल.

या पुस्तकाची कीर्ती 'वाचनातून भाषा शिकवणारे पुस्तक' अशी आहे. ही कीर्ती अपुरी आहे, एवढेच नव्हे तर काही अंशी दिशाभूल करणारी आहे, असे मत येथे मांडावयाचे आहे.

पद्धतीचा उगम

लोम्बबाईंचे शिक्षण रसायनशास्त्रातील डॉक्टरेटपर्यंत झालेले. शालेय वयात भाषेच्या बाबतीत त्यांची गणना 'जमत नाही' या वर्गात होत असे. १९३३ साली त्यांनी इंग्रजीचा अभ्यास घरीच सुरू केला, तो गॉल्सवर्दी यांची एक कादंबरी समोर घेऊन. आठवड्याभरात अंदाज येऊ लागला, महिन्याने अर्थ कळू लागला, दोन महिन्यांनी मौज वाटू लागली, असे त्या सांगतात. रशियनसाठी त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून रशियन-इंग्रजी शब्दकोश मिळवला. म्हणजे एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेच्या खांद्यावर बसून शिकली गेली. पुढे बॉम्बवर्षावाच्या काळात तळघरात आश्रय घेताना त्यांनी गोगोलच्या 'डेड सोल्स'ची पाने एका जाडजूड हंगेरियन ज्ञानकोशात दडवून नेली. जवळ रशियन शब्दकोश बाळगणे धोक्याचे होते. म्हणून अडलेला शब्द सोडून पुढे जाण्याची सवय लागली.

हा तपशील पुस्तकाच्या चाहत्यांकडून किस्सा म्हणून सांगितला जातो. वास्तविक तो पद्धतीच्या मुळाशी आहे. अनोळखी शब्द ओलांडत जाणे हे तत्त्व म्हणून जन्माला आले नाही. ती परिस्थितीची सक्ती होती. तिचा उपयोग नंतर ध्यानात आला आणि मग तिचे तत्त्व झाले. गुन्हेगारावर पाळत ठेवणारा पोलीस अधिकारी नेमक्या कोणत्या काटेरी झुडपाआड उभा होता हे न कळले तरी चालेल, परंतु वारंवार शब्दकोश उघडून कथेची चव घालवू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो बिनतोड आहे. आपल्याकडे बोर की बाभूळ यावर दहा मिनिटे खर्चणारे अध्यापक (त्यांत मीही आलो) या परिच्छेदापाशी थांबतील तर बरे.

मात्र एक गोष्ट या किश्श्यांच्या ओघात निसटते. इंग्रजी कादंबरी हाती घेण्यापूर्वी लोम्बबाईंनी लॅटिन आणि फ्रेंचचा अभ्यास केलेला होता. इंग्रजी पानावरील कित्येक शब्द त्यांना चेहऱ्याने ओळखीचे होते. पॉल नेशन यांच्या २००६ मधील गणनेनुसार इंग्रजी कादंबरी कोणाच्या साहाय्याविना वाचण्यास सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुलांची ओळख आवश्यक असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला लॅटिन-फ्रेंचची ती शिडी उपलब्ध नाही. तो बंगाली किंवा गुजराती शिकू लागला तर मात्र हीच शिडी संस्कृतोद्भव शब्दांच्या रूपाने त्याच्याजवळ असते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले ते ज्या दोन भाषांमध्ये, त्यांच्यातील अंतर हंगेरियन आणि रशियन यांच्यातील अंतराहून निराळे आहे. तेव्हा 'पहिल्या दिवसापासून कादंबरी वाचा' हा सल्ला भाषांच्या जोडीवर अवलंबून आहे, ही मर्यादा पुस्तकात पुरेशी स्पष्ट होत नाही.

क्रॅशन आणि दुरुस्तीचा प्रश्न

अमेरिकन अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी लोम्ब यांच्याकडे भाषाअध्यापन क्षेत्राचे लक्ष वेधले. १९९६ साली नॅटली किस यांच्यासमवेत त्यांनी 'सिस्टिम' या नियतकालिकात त्यांच्यावर टिपण प्रसिद्ध केले. क्रॅशन यांची भूमिका सर्वश्रुत आहे : समजेल असे भाषिक द्रव्य विपुल मिळाले की भाषा अंगी मुरते, व्याकरणाची आणि चुका दुरुस्त करण्याची मातब्बरी त्यांना फारशी वाटत नाही. लोम्ब या त्यांच्या सिद्धान्ताचे चालते-बोलते उदाहरण ठरतात, अशी समजूत यातून रूढ झाली.

पुस्तक सलग वाचल्यास ही समजूत टिकत नाही. पुस्तकाच्या अखेरीस दिलेल्या दहा आज्ञांपैकी एक अशी की, शिक्षकाने तपासून दिल्याखेरीज काहीही पाठ करू नये. दुसऱ्या एका आज्ञेत, बोलण्यास भिऊ नये आणि समोरच्याला चुका दुरुस्त करावयास सांगावे, असे म्हटले आहे. न तपासलेले आपलेच लेखन पुन्हा पुन्हा वाचले तर चूकच पक्की होते, हा त्यांचा इशारा आहे. भाषेचे निरीक्षण, नियमाचा शोध, समासात लिहून ठेवलेले शब्दबंध हे सारे सजग अध्ययन आहे, नकळत मुरणे नव्हे. आठवड्याला दहा-बारा तासांची अपेक्षा त्या सामान्य शिकणाऱ्याकडून करतात. सिद्धान्ताला उदाहरण हवे होते, आणि उदाहरणाचा सोयीचा तेवढा भाग घेतला गेला, असेच म्हणावे लागते. क्रॅशन यांच्या वाचनविषयक आग्रहाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. लोम्ब यांची साक्ष मात्र त्यांच्या बाजूने पूर्णपणे पडत नाही.

लोम्बबाई स्वतः आपल्या भाषांचा हिशेब काटेकोरपणे मांडतात. रशियन, इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या चार भाषा त्यांच्या मनात हंगेरियनबरोबर नांदतात. इटालियन, जपानी, चिनी इत्यादी पाच भाषांना उजळणीसाठी अर्धा दिवस लागतो. आणखी सहा भाषा केवळ अनुवादापुरत्या. 'सोळा भाषा बोलणारी स्त्री' हे बिरुद इतरांनी दिलेले आहे. त्यांचे स्वतःचे वर्गीकरण अधिक प्रामाणिक आहे.

संकोच : एक अपुरे विवेचन

पुस्तकातील सूत्र प्रसिद्ध आहे. दिलेला वेळ आणि विषयाची ओढ अंशस्थानी, संकोच छेदस्थानी. संकोच जितका अधिक, तितके फळ कमी. सूत्र नेटके आहे. पण लोम्बबाईंच्या दृष्टीने संकोच ही व्यक्तीच्या मनातील अडचण आहे, आणि तिच्यावरचा त्यांचा उपायही मनातलाच : आपण भाषेच्या बाबतीत प्रतिभावान आहोत अशी खात्री बाळगावी.

येथे त्यांच्याशी सहमत होणे मला कठीण जाते. तालुक्याच्या ठिकाणी प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गाला आवश्यक इंग्रजी शिकवताना दिसते ते असे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. त्यानंतर शाळेत गेलेली मुले वर्गात बसलेली असतात. बारा वर्षे इंग्रजी शिकूनही तोंड उघडत नाहीत. कारण चूक झाली तर केवळ चूक उघडी पडत नाही. गाव, शाळेचे माध्यम, घर, पुष्कळदा जातही उघडी पडते. यांतील अनेकांच्या मातृभाषेवरही आधी एकदा लाल शाई फिरलेली असते. 'आनि', 'पानी' म्हटल्यावर मराठीच्या तासाला हशा झेललेल्या मुलीला इंग्रजीच्या तासाला 'चुकांना भिऊ नकोस' हे सांगणे पोकळ आहे. तिचा संकोच हा अनुभवातून काढलेला रास्त निष्कर्ष असतो. सूत्राच्या छेदस्थानी असलेला आकडा तिने लिहिलेला नाही.

नेमके येथेच दुरुस्ती आणि संकोच यांचा पेच उभा राहतो. दुरुस्तीविना प्रगती नाही आणि चारचौघांतील दुरुस्तीने जीभ अडते. लोम्बबाईंना हा पेच जाणवला नाही, कारण त्या दुरुस्ती मागून घेत होत्या. आमच्या विद्यार्थ्यांवर ती लादली जाते.

पुस्तकाबाहेरचा एक धागा येथे उपयोगी पडतो. ढाक्यात शिक्षणसेवेत असलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर लिहिताना वाचनाला अग्रक्रम दिला होता. बहुतेक मुले शिक्षण अर्धवट सोडणार, तेव्हा मुदतीआधी विमा मोडणाऱ्याला जसे काही मूल्य हाती मिळते तसे या मुलांच्या हाती काय उरेल, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. मर्यादित शब्दसंख्येत लिहिलेली क्रमिक वाचनपुस्तके हे त्यांचे उत्तर. लॅटिनची शिडी नसलेल्यांसाठी दुसरी शिडी याच उपखंडात तयार झाली होती. आम्ही ती विसरलो आणि प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिका हाती घेतल्या.

गेली दोन वर्षे मी अशी काही छोटी पुस्तके वर्गात फिरवतो. आठवड्यातील चार तासिकांपैकी एक त्यासाठी मोकळी ठेवली आहे. याला संशोधन म्हणता येणार नाही. नियंत्रित गट नाही, चाचणी नाही. पहिल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने पुस्तक घेताना विचारले, "सर, हे मोठ्यानं वाचायला सांगणार नाही ना?" सांगणार नाही, असा शब्द दिला. तिने त्या सत्रात नऊ पुस्तके वाचली. प्रत्येक पुस्तकाविषयी वहीत पाच-सहा वाक्ये लिहून ती वही माझ्या टेबलावर ठेवत असे. मी पेन्सिलीने दुरुस्त करून परत देत असे. दुसऱ्या सत्रापासून ती वहीच्या समासात स्वतःच प्रश्न लिहू लागली : येथे हा काळ का, तो का नाही. लोम्बबाईंनी ज्याला भाषेकडून व्याकरणाकडे जाणे म्हटले असते, ते हेच.

ती अद्याप वर्गात इंग्रजी बोललेली नाही. गेल्या महिन्यात तिने वहीत लिहून विचारले की, दुपारच्या सुट्टीत, कोणी नसताना, ती दोन मिनिटे बोलली तर मी ऐकून घेईन का, आणि चुका तेव्हाच सांगेन का.