पाण्याचं पिंप फ्रेममध्ये येत नाही

तीस सेकंदांची रील असते. पहिल्या तीन-चार सेकंदांत उखडलेली फरशी, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या. मग कॅमेऱ्यासमोर एक तळहात येतो, बाजूला होतो आणि तेच घर नटूनथटून उभं असतं. टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांचं पॅनेल, पीओपीच्या छतात दडवलेले पिवळसर दिवे, करडा सोफा, प्लॅस्टिकचं झाड. खाली एक ओळ: 'टू बीएचके, जुळे सोलापूर. खर्चासाठी डीएम करा.'

अशा रील्स मी इतक्या पाहिल्यात की आता तो मला एक वाङ्मयप्रकारच वाटायला लागलाय. त्याचा साचा ठरलेला आहे: दुर्दशा, चमत्कार, सुखान्त. नायक म्हणजे डिझायनर. घरमालक शेवटी किल्ली घेण्यापुरता येतो. कुठल्याही प्रकाराची समीक्षा करायची तर दोन प्रश्न विचारावे लागतात. तो काय दाखवू शकतो? आणि काय दाखवूच शकत नाही?

आधी जमेची बाजू. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. त्याआधी सोलापूरसारख्या शहरात इंटिरियरचं काम मिळवायचं तर बिल्डरची ओळख लागायची, नाहीतर प्लायवूडच्या दुकानदाराची मर्जी. केलेलं काम दाखवायला जागाच नव्हती. चकचकीत इंग्रजी मासिकं मुंबई-बेंगळुरूच्या बंगल्यांपलीकडे क्वचित जायची. आज डिप्लोमा करून घरी परतलेली एखादी मुलगी मावशीच्या स्वयंपाकघराचं काम करते, मोबाइलवर शूट करते आणि त्यातून तिला पुढची दोन कामं मिळू शकतात. साइटवर कुणी तिला 'मॅडम, साहेब कधी येणार?' असं विचारलं, तर ते अकाउंट हेच तिचं ओळखपत्र असतं. रील्सना नाकं मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

दार उघडं असण्याची दुसरी बाजूही आहे. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनं 'आर्किटेक्ट' हे बिरुद नोंदणी झालेल्यांसाठी राखून ठेवलं. 'इंटिरियर डिझायनर' या नावाला तसं कुंपण नाही. त्याचा फायदा त्या मुलीला होतो, तसाच ज्यानं प्लायचा तुकडाही कधी हातात घेतलेला नाही त्यालाही होतो. मग ग्राहकानं दोघांत निवड करायची कशावरून? पेजवरून.

प्रसिद्धीच्या जोरावर या क्षेत्रात नाव काढणं नवं नाही. अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक सजावटकारांपैकी एक, एल्सी द वुल्फ, आधी नटी होती आणि तिच्या अभिनयापेक्षा तिच्या पोशाखांचीच चर्चा जास्त व्हायची. न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबच्या सजावटीनं तिचं नाव झालं. १९१३ मध्ये मासिकांतल्या लेखांवर आधारलेलं तिचं 'द हाउस इन गुड टेस्ट' हे पुस्तक आलं. फरक इतकाच की लेख लिहायचा म्हटलं की कारण द्यावं लागतं: खुर्ची इथेच का, हाच रंग का. रीलमध्ये कारणाच्या जागी गाणं असतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेमो आणि प्रॉडक्शन असे दोन शब्द आहेत. डेमोमध्ये डेटा आपणच भरलेला असतो आणि कुठलं बटण दाबायचं ते ठरलेलं असतं. प्रॉडक्शनमध्ये खरी माणसं येतात आणि नावाच्या रकान्यात फोन नंबर टाकतात. रील हा घराचा डेमो आहे. माणसं राहायला यायच्या आदल्या दिवशी तो होतो. करिअर उभं राहतं ते त्या एका दिवसावर. घरात पुढची पंधरा वर्षं दुसऱ्याच कुणीतरी काढायची असतात.

सोलापुरात प्रॉडक्शनची सुरुवात नळापासून होते. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि शहराला ते वर्षानुवर्षं काही दिवसांआड मिळत आलंय. म्हणून इथल्या घरात पिंप असतं, टाकी असते, मोटर असते, भरलेल्या घागरी-कळश्या ठेवायला जागा लागते. मी पाहिलेल्या एकाही 'किचन टूर'मध्ये पिंप नव्हतं. एकतर शूटपुरतं ते बाहेर काढलेलं असतं, किंवा आराखड्यातच नसतं. दुसरी शक्यता जास्त वाईट. कारण मग ते कायमचं वाटेत उभं राहतं आणि त्या घरातली बाई दिवसातून पन्नास वेळा त्याला वळसा घालते.

पुढेही असंच. बाथरूममधले काळे मॅट नळ रीलमध्ये झोकात दिसतात; बोअरचं जड पाणी त्यांच्यावर पांढरे डाग पाडतं. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत धूळ बसते आणि ती रोज कुणी पुसायची, हे रीलमध्ये ठरत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पण पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच हवीच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात. त्यांच्या गाद्या-पांघरुणांना त्या सडपातळ वॉर्डरोबमध्ये जागा नसते. सिंकखालच्या कपाटाला साधं आयएस ३०३चं प्लाय वापरलंय की ओलाव्यात टिकणारं आयएस ७१०चं, हे लॅमिनेट चढल्यावर डोळ्यांना कळत नाही. कळतं तेव्हा दार फुगलेलं असतं.

इथल्या जुन्या माळवदाच्या घरांकडे यातल्या काही प्रश्नांची उत्तरं होती. जाड भिंती आणि वर मातीचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा. भिंतीच्या जाडीतच कोनाडा, देवळी, फडताळ. कपड्यांना दांडी, रांजणाला ठरलेली जागा. त्या घरांचे उमाळे काढण्यात अर्थ नाही. पावसात माळवद गळायचं, आत अंधार असायचा आणि परत तिथे राहायला जायची कुणाचीच तयारी नाही. पण त्या घरातली एकही गोष्ट दुसऱ्यांनी बघावी म्हणून नव्हती.

'सगळी घरं सारखी का दिसतात?' हा प्रश्न फक्त सोलापूरचा नाही. जगभरातल्या कॅफेंना आणि भाड्याच्या खोल्यांना एकसारखं रूप येतंय, हे काइल चायकानं २०१६ मध्ये टिपलं आणि त्याला 'एअरस्पेस' असं नाव दिलं. असं का होतं, हे फीडमागचं गणित पाहिलं की कळतं. किती वेळ पाहिलं, किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, असल्या खुणांवर रील पुढे सरकते. काल करडा सोफा चालला, म्हणून आज दहा जण करडा सोफा दाखवतात. डिझायनरला वाटतं ही ग्राहकाची आवड, ग्राहकाला वाटतं हा डिझायनरचा सल्ला. दोघांच्या मध्ये एक तिसरा बसलाय, ज्याला घरात राहायचंच नाही.

याचा एक गमतीदार परिणाम असा. ज्या शहरात जॅकार्ड मागावर चादरी विणल्या जातात, ज्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या बेडरूमच्या रीलमध्ये पलंगावर असते परदेशी कॅटलॉगमधल्यासारखी फिकट पांघरी. सोलापुरी चादर बहुधा पिंपासोबत बाहेर गेलेली असते. जॅकार्डची नक्षी मुळात छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून ठरायची आणि संगणकाच्या पंचकार्डांची कल्पना तिथूनच आली. मला तरी ती चादर भिंतीवर लावण्याइतकी देखणी वाटते.

पण सगळ्यात मोठी अनुपस्थिती शहराबाहेर, कुंभारीला आहे. तिथे विडी कामगार बायकांसाठी आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. मग १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते रे नगरमधली पंधरा हजार घरं विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, चालक अशा कुटुंबांना दिली गेली. रे नगर ज्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं, तिच्यात या गटाच्या घराचं चटईक्षेत्र सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ३० चौरस मीटर ठरलेलं होतं. म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत.

विडी वळणारीचं घर हेच तिचं कामाचं ठिकाण. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, तंबाखू, बांधलेले कट्टे. त्याच खोलीत पोरांचा अभ्यास आणि रात्री अंथरुणं. तंबाखू पोरांच्या अंथरुणापासून लांब कशी ठेवायची, वाकून वाकून धरलेल्या पाठीला टेकू कुठे द्यायचा, उजेड कुठल्या बाजूनं घ्यायचा? आतल्या सजावटीचे याहून अवघड आणि याहून खरे प्रश्न जुळे सोलापूरच्या कुठल्या फ्लॅटमध्ये सापडतील? माझ्या फीडवर अजून असं एकही घर आलेलं नाही.

डिझायनरनं समाजसेवा करावी, असं मला म्हणायचं नाही. तिलाही घरभाडं असतं, सुताराची मजुरी असते. पण तीनशे फुटांतली एक घडीची मांडणी किंवा पिंपासकट आखलेला ओटा दाखवणारी रील या शहरात हजारो घरांना उद्याच उपयोगी पडेल, आणि नावही काढून देईल. जुन्या ग्राहकाच्या घरी वर्षानं परत जाऊन 'हे टिकलं, हे फसलं' असं दाखवणारी रील कदाचित कमी चालेल. पण ती पाहून येणारा ग्राहक सहसा दर पाडायला येणार नाही. असलं काम करणारे लोक आहेत. त्यांच्या व्हिडिओंत कात्री लागण्याआधीचं प्लाय दिसतं, त्यावरचा शिक्का दिसतो, ड्रॉवर दहादा उघडझाप करून दाखवलेला असतो. ते कमी पाहिले जातात, त्याला आपण प्रेक्षकही जबाबदार आहोत. सेव्हचं बटण शेवटी आपलाच अंगठा दाबतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं घर आवडलं आणि डीएम करायला बोट पुढे गेलं, तर खर्च नंतर विचारा. आधी विचारा, पाण्याचं पिंप कुठे ठेवणार? उत्तर काय येतं, यापेक्षा ते द्यायला किती वेळ लागतो ते बघा.