अध्यापन-कौशल्य, वर्ग-व्यवस्थापन आणि विद्यार्थ्यांची प्रेरणा : ‘बनगरवाडी’ व ‘नागझिरा’ यांच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

विद्यार्थी तासाला येत नाहीत, आले तरी बोलत नाहीत, प्रश्न विचारला तर मान खाली घालतात, ही तक्रार महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षात नित्य ऐकू येते. तिचा शेवट बहुधा ‘मुलांना आवडच नाही’ या निष्कर्षाने होतो. प्रेरणा ही विद्यार्थ्याने घरून आणावयाची वस्तू आहे, असे गृहीतक या निष्कर्षामागे असते. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी व्यंकटेश माडगूळकर यांची दोन पुस्तके विचारात घेतली आहेत. पहिले पुस्तक म्हणजे १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी आणि दुसरे म्हणजे नागझिऱ्याच्या अरण्यातील वास्तव्यावरील ‘नागझिरा’. पहिल्या पुस्तकात एक शाळा आहे, दुसऱ्यात शाळेचा मागमूस नाही. तरीही शिक्षकाला लागणाऱ्या दोन गुणांचा विचार या दोन पुस्तकांतून एकत्रितपणे करता येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही निवड स्थानिक कारणानेही केली आहे. नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले. १९९९ साली गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या जंगलालगतच्या गावांतून आमच्या वर्गात विद्यार्थी येतात. त्यांच्या गैरहजेरीचेही एक वेळापत्रक असते. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल आणि त्यानंतर तेंदूपान. हजेरीपटावर मात्र या सर्वांची नोंद ‘गैरहजर’ या एकाच शब्दाने होते.

कौशल्यांची यादी आणि तिची मर्यादा

अध्यापन-कौशल्याचा रूढ विचार सूक्ष्म अध्यापनातून आला आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धती आपल्या अध्यापक महाविद्यालयांत चांगलीच रुजली. सज्जता-प्रवर्तन, प्रश्न, प्रबलन, चेतक-बदल, फलकलेखन अशी कौशल्ये सुटी करून, काही मिनिटांच्या पाठातून त्यांचा सराव करावयाचा, हे तिचे स्वरूप होय. या सरावाचे मोल नाकारता येणार नाही. महाविद्यालयीन प्राध्यापक तर बहुधा नेट वा सेट उत्तीर्ण होऊन, असा एकही पाठ न घेता थेट वर्गात उभा राहतो. परंतु या यादीत विद्यार्थी समोर बसलेलाच आहे, असे गृहीत धरलेले असते. तो मुळात का आला आणि उद्या पुन्हा का यावा, हा प्रश्न यादीच्या बाहेर राहतो.

‘बनगरवाडी’ : शाळा भरण्यापूर्वीचे अध्यापन

‘बनगरवाडी’ची सुरुवातच या प्रश्नाने होते. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर वयाने पोरसवदा असा शिक्षक रुजू होतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. ती मेंढरांमागे आहेत. या शिक्षकाजवळ दंड करण्याची सत्ता नाही आणि बक्षीस देण्याची ऐपतही नाही. तो गावाच्या कारभाऱ्याकडे जातो. माणसांची पत्रे लिहितो, त्यांची गाऱ्हाणी ऐकतो, आयबूसारख्या एकाकी माणसाशी जवळीक साधतो आणि चोरी हाच ज्याचा परिपाठ त्या आनंदा रामोश्यालाही माणूस म्हणून वागवतो. गावाचा विश्वास बसतो आणि त्या विश्वासाच्या मागोमाग मुले शाळेत येतात.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या स्व-निर्धारण सिद्धांतानुसार आंतरिक प्रेरणेला तीन गरजांचे पोषण लागते. स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणाचे नाते या त्या तीन गरजा होत. बनगरवाडीचा शिक्षक यांपैकी तिसऱ्या गरजेपासून आरंभ करतो. आपले वर्ग-व्यवस्थापन मात्र प्रायः पहिल्या दिवशी नियम सांगून सुरू होते. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट विद्यार्थ्याला वर्गात बसवू शकते. त्याचे लक्ष वर्गात आणणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

रूढ वाचनातील दोष

तथापि या कादंबरीचा नायक ‘आदर्श शिक्षक’ म्हणून पुढे करण्याची जी प्रथा आहे, ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कादंबरी बारकाईने वाचली असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, शिक्षक गावात जितका दिसतो तितका वर्गात दिसत नाही. गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते, तिच्यासाठी औंधचे राजेसाहेब गावात येतात, परंतु एखादा धडा मुलाला उमगल्याचा क्षण कादंबरीच्या केंद्रस्थानी येत नाही. मुले समूह म्हणून वावरतात; त्यांतले एकेक मूल वेगळे उमटत नाही. कलाकृती म्हणून हा दोष नव्हे, कारण कादंबरीचा विषय गाव हा आहे. शिक्षणाचा वस्तुपाठ म्हणून वाचताना मात्र ही उणीव ठरते. विश्वास मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. तेथून पुढे कौशल्य लागते.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, शाळा रिकामी होते. शिक्षकाची निष्ठा उणी पडलेली नसते. पाऊस पडलेला नसतो. विद्यार्थ्यांच्या प्रेरणेचे सारे श्रेय अथवा सारा दोष शिक्षकाच्या पदरी टाकणाऱ्या प्रत्येक मूल्यमापनाला या शेवटाने उत्तर दिले आहे.

‘नागझिरा’ : पाहण्याची शिस्त

पहिली उणीव भरून काढणारा गुण ‘नागझिरा’त सापडतो. येथे लेखक कोणाला शिकवीत नाही. तो जंगलात राहतो, पाहतो, नोंदी करतो. प्राणी आपल्या वेळेने येतात, पाहणाऱ्याच्या सोयीने नव्हे, हे त्याने स्वीकारलेले असते. काही दिसले नाही म्हणून जंगल रिकामे आहे, असा निष्कर्ष तो काढत नाही.

जेकब कौनिन यांनी १९७० साली वर्ग-व्यवस्थापनावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे येथे स्मरण होते. गैरवर्तन घडल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून यशस्वी व अयशस्वी शिक्षकांत फारसा भेद करता येत नाही, असे त्यांना आढळले. भेद होता तो आधीच्या सजगतेचा, म्हणजे वर्गाच्या कानाकोपऱ्यात काय चालले आहे याचे भान शिक्षकाला असण्याचा आणि ते भान विद्यार्थ्यांना जाणवण्याचा. माडगूळकरांच्या अरण्यलेखनातील दृष्टी या सजगतेच्या अगदी जवळची आहे.

या संदर्भात एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. नागझिऱ्यातील एका अभ्यास-सहलीत, वर्षभर वर्गात एक शब्दही न उच्चारलेला विद्यार्थी आमच्या पुढे चालत होता. चितळाचा इशारा ऐकताच त्याने हात वर करून सर्वांना थांबविले. पुढचा तासभर तो झाडांची नावे, पाऊलखुणा, वाऱ्याची दिशा समजावून सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो. माझ्या मासिक अहवालात त्याच्या नावापुढे ‘प्रेरणेचा अभाव’ असा शेरा होता. अभाव होता तो माझ्या पाहण्याचा. पुढील सत्रात निबंधलेखनासाठी ‘माझ्या गावचे जंगल’ हा विषय दिला, तेव्हा त्याने सहा पाने लिहून आणली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, पण त्या दुरुस्त करून घेण्यासाठी तो आपणहून आला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची जाणीव आहे. मात्र एक शेरा चुकीचा होता, एवढे सिद्ध करण्यास एक उदाहरण पुरेसे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अध्यापन-कौशल्य आणि वर्ग-व्यवस्थापन ही प्रेरणेची दोन स्वतंत्र कारणे नसून एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. विद्यार्थ्याच्या जगाशी नाते जोडणे, हे ‘बनगरवाडी’ सांगते. त्याला संयमाने पाहणे, हे ‘नागझिरा’तून शिकता येते. नाते असून पाहणे नसेल, तर शिक्षक लोकप्रिय होतो, पण विद्यार्थी शिकत नाही. पाहणे असून नाते नसेल, तर उरतो तो केवळ पहारा.

यातून निघणाऱ्या अपेक्षा साध्या आहेत. सत्राच्या आरंभी विद्यार्थ्याचे गाव, घरचे काम आणि त्याला काय येते, याची नोंद प्राध्यापकाने स्वतः करावी. रोवणी व कापणीचे दिवस ध्यानात घेऊन चाचण्यांचे नियोजन व्हावे. आणि ‘प्रेरणेचा अभाव’ हा शेरा लिहिण्यापूर्वी, या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर कधी पाहिले आहे काय, हा प्रश्न प्राध्यापकाने स्वतःस विचारावा. दुष्काळ आपल्या हाती नसतो. शेरा मात्र आपल्याच हाताने लिहिलेला असतो.