१७ सप्टेंबरनंतरचे पान

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत झेंडावंदन होते, भाषणे होतात, कुठे कुठे एखादे नाटुकलेही होते. त्यात रझाकार आला की मुलांच्या नजरा वर्गातल्या कोणाकडे वळतात, हे आपण शिक्षकांनी पाहिलेले असते. बोलत मात्र कोणी नाही.

रझाकारांचे अत्याचार खरे आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. मे १९४८ मधले बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावचे हत्याकांड सांगावे. वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचे बलिदान सांगावे. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. आमचा आक्षेप गोष्ट जिथे थांबते त्याला आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला, आणि फळा पुसला गेला.

पुढच्या काही आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या आणि लूट झाली. त्याच वर्षाअखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यांचा अंदाज होता किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा.

हा आकडा नुसता सांगून टाकला तर तोही नाटुकल्यातल्या लाठीसारखाच वापरला जाईल. नववी-दहावीच्या मुलांना तो कसा निघाला ते विचारू द्यावे. एक आकडा का नाही, दोन का? समिती १६ पैकी ९ जिल्ह्यांतच गेली, तर बाकीच्यांचे काय? हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. अहवालाने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे आठ जिल्हे नोंदवले त्यांत शेजारचे नांदेड आहे, परभणी नाही. मग इथे काहीच घडले नाही, असे म्हणता येईल का? नोंद नसणे आणि घटना नसणे यांतला फरक प्रयोगवहीत आपण रोज शिकवतो. इथे का सोडायचा?

लहान वर्गांना प्रेतांची वर्णने नकोत. (मोठ्यांनाही ती चवीने सांगू नयेत.) त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंद आहे, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. पाचवीच्या मुलाला तेवढे कळते. पण वाचवावे लागले म्हणजे कोणीतरी मारत होते, हे मूल विचारणारच. तेव्हा विषय बदलू नये.

गावातल्या वृद्धांकडून आठवणी जमवण्याचे काम द्यायचे तर आता घाई हवी. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. वहीत तीन रकाने आखून द्यावेत: सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय, तेव्हाचे गाव, आणि स्वतः पाहिले की ऐकले. कोणत्याही मुलाला ‘तुमच्या लोकांनी काय केले’ असे मात्र विचारू नये, वर्गात नाही आणि वर्गाबाहेरही नाही.