‘अरुणोदय’ झाल्यावर

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. जन्म १८३१ चा, इथलाच. १८५४ मध्ये बाप्तिस्माही इथेच. ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) नाव परीक्षेपुरते पाठ असणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते. ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्यांनी १८८८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर प्रसिद्ध केले. पण त्यात रमले ते धर्मांतरापर्यंतच्या तरुणपणात. घरातले कुळाचार, व्रतवैकल्ये ते इतक्या बारकाईने सांगतात, की सोडलेल्या घराचा एकेक कोनाडा त्यांच्या डोळ्यांपुढे असावा. मध्येच खंडनाचा सूर चढतो. तिथे मी पाने भराभर उलटली, हे कबूल करतो.

माझी तक्रार मात्र निराळी आहे. तेविशीत घर सोडायला धैर्य लागतेच. पण पुढे १९०६ पर्यंतची ५२ वर्षे, उमेद ओसरल्यावरही, तीच श्रद्धा कशी टिकली? या पुस्तकात त्याचा थांग लागत नाही. त्यासाठी त्यांचे बाकीचे काम पाहावे लागते: ‘शब्दरत्नावली’सारखा कोश, नव्या करारावरील टीका, शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके. वर्षानुवर्षे मराठी शब्दांशी झटणारा हा माणूस मला त्या तरुणापेक्षा जवळचा वाटतो. ‘अरुणोदया’त तो फारसा भेटत नाही.