‘ये माई’ : हाक, प्रतिमा आणि बाळंतिणीचा आवाज

औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे स्थान आहे. जोतिबाने तिला ‘ये माई’ अशी हाक मारली आणि त्या हाकेचेच पुढे तिचे नाव झाले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. लोकमानसाने रचलेली एक संहिता म्हणून मात्र ती बोलकी आहे, कारण तिच्यात आईला नाव मिळते ते तिला हाक मारणाऱ्याच्या गरजेतून. याच डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याच्या चित्रांसाठी त्याची ख्याती असली, तरी हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही तेथे आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. आणि ज्यांच्या ‘श्यामची आई’ने मराठी मनातील मातृप्रतिमेला बहुधा कायमचा आकार दिला, ते साने गुरुजी विद्यार्थिदशेत काही काळ याच औंधात शिकत होते. दैवतकथा, आधुनिक शिल्प आणि आधुनिक मराठी गद्य या तिन्हींत आई आहे. परंतु तिन्हींत ती पाहिली गेलेली, संबोधिली गेलेली आई आहे.

‘श्यामची आई’च्या निवेदनरचनेकडे या दृष्टीने पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातील मित्रांना बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगतो. सांगणारा पुत्र, ऐकणारे पुत्रवत, आणि आई केव्हाच निवर्तलेली. तिच्या अश्रूंना या रचनेत जागा आहे. किंबहुना अश्रू हे या पुस्तकाचे मुख्य अनुभवद्रव्यच आहे. परंतु ते अश्रू नेहमी कोणाच्या तरी संस्कारासाठी कामी येतात. जन्मलेल्या मुलाकडे पाहून काहीच वाटले नाही, किंवा त्याच्या रडण्याने जिवाचा संताप झाला, असा क्षण त्या आईच्या वाट्याला आला असेल की नाही, हे श्यामला कळण्याचे कारण नाही. आणि श्यामला जे कळत नाही ते या निवेदनात असूच शकत नाही. हा साने गुरुजींच्या प्रामाणिकपणावरचा आक्षेप नाही. पुत्राच्या दृष्टिकोनाची ती अंगभूत मर्यादा आहे. आक्षेप घ्यायचाच तर तो या दृष्टिकोनालाच मातृत्वाचे सत्य मानणाऱ्या समीक्षेवर घ्यावा लागेल.

प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा प्रश्न साहित्यविचारात येतो तो येथे. वैद्यकाच्या दृष्टीने ही अवस्था पहिल्या काही दिवसांतल्या, आपोआप ओसरणाऱ्या रडवेपणाहून वेगळी आहे, तशीच ती विरळा आढळणाऱ्या सूतिकोन्मादाहूनही वेगळी आहे. आठवडेच्या आठवडे टिकणारी खिन्नता, निष्कारण अपराधीपणा, मूल झोपले तरी न येणारी झोप, कधी मरणाचे विचार, हे तिचे स्वरूप. मराठीत बाळंतपणाची शब्दसंपत्ती विपुल आहे: शेकशेगडी, धुरी, बाळंतकाढा, बाळंतविडा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पाचवी, सटवाई, सव्वा महिना. यातील बहुतेक शब्द बाळंतिणीच्या देहाची काळजी वाहतात, काही बाळाच्या ललाटाची. तिच्या मनासाठी उरतात ते ‘बाहेरचे झाले’, ‘वारे लागले’ असे प्रयोग, म्हणजे तिच्या दुःखाचा कर्ता तिच्याबाहेर ठेवणारे व्याकरण. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात ज्या प्रतिमेचा शोध घेतला, तिच्यात प्रसवमुद्रेतील देह आहे आणि मस्तकाच्या जागी कमळ. सर्जनाच्या उपासनेत त्या प्रतिमेचा अर्थ अर्थातच निराळा आहे. तरीही बाळंतपणाविषयीच्या आपल्या भाषेची रचना या प्रतिमेसारखीच आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

या मौनाला छेद देणारे पुस्तक सातारा जिल्ह्यातच, फलटणला लिहिले गेले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महारवाड्यातील बाळंतपणाची वर्णने आहेत. घरात दाणा नाही, नुकतीच सुटका झालेली बाई भुकेने कासावीस, आणि काळजीची सगळी पारंपरिक व्यवस्था दारिद्र्यापुढे कोसळलेली. शेकशेगडी आणि लाडू यांचे मराठी बाळंतपण हे किती मर्यादित वर्गाचे आणि जातींचे बाळंतपण होते, हे या पानांवर एकदम लक्षात येते. कांबळे यांनी अंगात येणाऱ्या बायकांचेही चित्र रेखाटले आहे. एरवी ज्यांना बोलण्याचा अधिकार नाही, त्यांना देवीच्या नावाने तो काही घटका मिळतो. औंधच्या लोककथेत हाक मारणारा आईला नाव देतो. येथे आई देवीचे नाव घेऊन स्वतःसाठी वाचा मिळवते. दलित आत्मकथनांच्या समीक्षेत या प्रसंगांचे वाचन अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून झाले आहे. ते आत्मनिवेदनाचे एक रूप म्हणूनही वाचता येते, आणि तसे ते फारसे वाचले गेलेले नाही.

कांबळे यांनी नोंदविलेल्या भुकेला पुढे वैद्यकातून अनपेक्षित दुजोरा मिळाला. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात २७० गर्भवतींपासून सुरू केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. भूक आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती, आणि मूल मुलगी असेल तर त्यांचा परिणाम अधिक तीव्र होत होता. म्हणजे ज्याला ‘मनाचा’ आजार म्हणायचे, त्याची मुळे चुलीपाशी आणि घरातील सत्तेत निघाली. ‘नैराश्य’ ही पाश्चात्त्य कोटी असून ती येथील स्त्रियांवर लादली जाते, असा आक्षेप देशीवादाच्या बाजूने घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु भूक ही काही आयात केलेली कोटी नव्हे.

उपचारांच्या बाबतीत तर वैद्यक आणि निवेदनशास्त्र यांच्या सीमा जवळ येतात. औषधे आहेतच, पण सौम्य व मध्यम नैराश्यात भर असतो तो बोलण्यावर, बाळंतिणीला पुन्हा लहान लहान कृतींकडे आणि माणसांकडे नेणाऱ्या संवादावर. गोव्यातच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे काम तज्ज्ञांनी न करता प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी घरी जाऊन केले. बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण त्याने वाढले. परिणाम माफकच होता आणि संशोधकांनी तो माफक म्हणूनच मांडला. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते श्रोत्याचे बदललेले स्थान. ‘श्यामची आई’तील श्रोते आईविषयी ऐकतात, येथे श्रोती आईचे ऐकते, आणि ती सासू किंवा नणंद नसल्याने सांगणाऱ्या बाईला त्या सांगण्याची किंमत घरात मोजावी लागत नाही. माहेरी जाण्याच्या प्रथेतही हेच अपेक्षित होते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. माहेरी लेकीला विसावा मिळे, पण सासरविषयी किती बोलायचे याचे संकेत तेथेही ठरलेले होते, आणि ‘रडू नको, दूध आटेल’ हे वाक्य तेथेही ऐकू येई.

आता या श्रोतीच्या हाती एक कागद असतो. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगातून घडलेली नवजात बालकांच्या घरगुती काळजीची पद्धत २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत राबविली जाऊ लागली. बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी भेट (श्यामच्या रात्रीही बेचाळीसच, हा निव्वळ योगायोग) आणि प्रत्येक भेटीची नोंद. असंख्य बालके या पद्धतीने वाचली, हे निर्विवाद. त्या नोंदपत्रकात आईविषयीही प्रश्न आहेत: पोटभर किती वेळा जेवली, रक्तस्राव किती, ताप आहे का, दूध येते का. जेवणाचा प्रश्न अग्रभागी आहे, हे ‘जिणं आमुचं’च्या वाचकाला फार मोलाचे वाटेल. आणखी एक प्रश्न आहे: आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का? तेथे उत्तर ‘नाही’ असे लिहिले की पुढची नोंद बाळाची.